छापखान्याचे सरदार आणि लिव्हरपूलचे वाचक

वृत्तपत्रांच्या मालकांना शिव्या घालायला कुणाला शिकवावं लागत नाही. कुठल्याही देशात जा, बातम्यांचा विषय निघाला की तिसऱ्या वाक्याला मालक निघतोच. विकला गेलाय, मंत्र्यांच्या पंगतीला बसतो, आमच्यासारख्यांचं त्याला काय ठाऊक! आज मला या रागाची वकिली करायची नाही आणि टिंगलही करायची नाही. हा राग मालकाला लागतो कधी आणि हवेत विरतो कधी, एवढंच बघायचं आहे. उदाहरणं बरीचशी ब्रिटनची घेतो, कारण या जमातीची वंशावळ तिथे सगळ्यांत नीट नोंदलेली आहे.

1896 साली आल्फ्रेड हार्म्सवर्थ यांनी 'डेली मेल' काढला. किंमत अर्धा पेनी. प्रतिष्ठितांनी नाकं मुरडली. ऑफिसातल्या पोऱ्यांनी ऑफिसातल्या पोऱ्यांसाठी काढलेला पेपर, अशी टर तेव्हाचे पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी यांच्या नावावर सांगितली जाते. पुढे झालं काय? 1905 मध्ये हेच हार्म्सवर्थ लॉर्ड नॉर्थक्लिफ झाले आणि 1908 मध्ये त्यांनी चक्क 'टाइम्स' विकत घेतला. त्यांचे भाऊ लॉर्ड रॉदरमिअर झाले. कॅनडाहून आलेले मॅक्स एटकिन लॉर्ड बीव्हरब्रुक झाले. ज्या वाचकांना बडे लोक हसत होते, त्यांच्याच पैशांवर ही मंडळी बड्या लोकांच्या सभागृहात, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, जाऊन बसली, आणि तिथून 'आम्ही सामान्य माणसाचा आवाज' असं सांगू लागली. माणसं श्रीमंताची श्रीमंती बऱ्यापैकी सहन करतात. आपल्या नावानं तो बोलायला लागला, की त्यांना ते झोंबतं.

बीव्हरब्रुक निदान लपवाछपवी करत नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर नेमलेल्या वृत्तपत्रविषयक शाही आयोगासमोर त्यांनी सरळ सांगितलं, की मी 'डेली एक्सप्रेस' निव्वळ प्रचारासाठी चालवतो. 'डेली मेल'चे तेव्हाचे मालक रॉदरमिअर यांचा प्रचार तर जानेवारी 1934 मध्ये ब्रिटिश फॅसिस्टांच्या काळ्या सदऱ्यांचा जयजयकार करण्यापर्यंत गेला.

या दोघांवरचा सगळ्यांत गाजलेला हल्ला 1931 सालचा. हुजूर पक्षाचे नेते स्टॅन्ले बाल्डविन यांना खाली खेचण्यासाठी दोघांनी आपली वृत्तपत्रं जुंपली होती, आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर सेंट जॉर्जेस मतदारसंघातल्या पोटनिवडणुकीत आपला माणूस उभा केला होता. 17 मार्चच्या भाषणात बाल्डविन म्हणाले, यांना हवी आहे सत्ता, आणि तीही जबाबदारीशिवायची. असा अधिकार युगानुयुगं वेश्येचा. (मालकांना झोडपताना त्या बायकांना मध्ये ओढायची काही गरज नव्हती, पण ते असो.) दोन दिवसांनी मतदान झालं आणि बाल्डविन यांचे उमेदवार डफ कूपर जिंकले.

ही गोष्ट नेहमी जनतेचा विजय म्हणून सांगतात. मला तसं वाटत नाही. बाल्डविन स्वतः पोलादाच्या कारखानदारीतले गडगंज. ते वाक्य त्यांना दिलं रडयार्ड किपलिंग या त्यांच्या मावसभावानं. आणि तो मतदारसंघ होता मेफेअर-बेल्ग्रेव्हियाचा, म्हणजे लंडनमधल्या सर्वांत श्रीमंत वस्तीचा. जुन्या श्रीमंतांनी नव्या श्रीमंतांना जागा दाखवली, इतकंच झालं. मालकांविरुद्धचा राग पुष्कळदा असाच दुसऱ्या बड्यांच्या हातातलं हत्यार होतो. आजही एखादा अब्जाधीश उमेदवार 'ही माध्यमं बड्या लोकांची आहेत' म्हणून टाळ्या घेतो, तेव्हा मला मेफेअर आठवतं.

आता दुसरं उदाहरण. याच्यावर मी जास्त वेळ घेणार आहे.

15 एप्रिल 1989. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा एफए कप या फुटबॉल स्पर्धेचा उपांत्य सामना. जाळीबंद कप्प्यांमध्ये चेंगराचेंगरी झाली. त्या दुर्घटनेतल्या मृतांची संख्या आज 97 धरली जाते. चारच दिवसांनी रूपर्ट मरडॉक यांच्या 'सन'नं पहिल्या पानावर मथळा दिला: 'सत्य'. त्याखाली आरोप असे, की लिव्हरपूलच्या प्रेक्षकांनी मेलेल्यांचे खिसे कापले, पोलिसांच्या अंगावर लघवी केली, जीव वाचवणाऱ्या पोलिसाला मारलं. ही माहिती पोलिसांकडून आणि एका स्थानिक खासदाराकडून एका वृत्तसंस्थेमार्फत आलेली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यायमूर्ती टेलर यांच्या अंतरिम अहवालानं मुख्य दोष पोलिसांच्या नियंत्रणावर ठेवला. पण शहरानं अहवालाची वाट पाहिलीच नव्हती. लिव्हरपूलजवळच्या कर्कबीमध्ये अंक जाळले गेले, विक्रेत्यांनी गठ्ठे नाकारले, खप कोसळला आणि तो आजतागायत सावरलेला नाही.

हा बहिष्कार कुणा पक्षानं पुकारलेला नव्हता. तो टिकला, कारण तिथल्या माणसांना सत्य काय ते कुणी सांगावं लागलं नाही. ती मैदानात होती. नव्हती त्यांचा भाऊ होता, शेजारी होता. एरवी आपण मालकाच्या पत्रावर चिडतो ते अंदाजानं, कारण बातमी खरी की खोटी हे पडताळायला आपल्याजवळ काही नसतं. त्या शहराजवळ होतं. शिवाय त्यांनी मालकाच्या वाड्यासमोर घोषणा दिल्या नाहीत, अंक घेणं बंद केलं. 'सन'नं 2012 मध्ये पहिल्या पानावर माफी मागितली, तीही स्वतंत्र समितीनं पोलिसांची बनवाबनवी उघड केल्यावर. 2016 मध्ये ज्यूरीनं निकाल दिला, की हे मृत्यू बेकायदेशीर कृत्यानं झाले आणि प्रेक्षकांचा त्यात काही दोष नव्हता. माफीनंतरही बहिष्कार चालूच राहिला. 2017 मध्ये लिव्हरपूल आणि एव्हर्टन या दोन्ही क्लबांनी 'सन'च्या वार्ताहरांना दार बंद केलं.

फ्लोरियन फूस आणि डॅनियल बिशॉफ या राज्यशास्त्रज्ञांनी याच बहिष्काराचा अभ्यास केला. 'सन' वर्षानुवर्षं युरोपीय संघाविरुद्ध लिहीत होता. तो न वाचणाऱ्या मर्सीसाइडमध्ये, म्हणजे लिव्हरपूल आणि आसपासच्या भागात, युरोपविरोध इतरत्र होता त्याच्या तुलनेत कमी झालेला त्यांना आढळला. मालकाच्या मताचा परिणाम मोजणं महाकठीण असतं, आणि इथे एका शहराच्या रागानं तो प्रयोग आयता करून ठेवला होता.

यावर कुणी म्हणेल, तो मथळा मरडॉक यांनी थोडाच लिहिला? नाही लिहिला. संपादक होते केल्व्हिन मॅकेंझी. मालकानं रोज फोन करून हुकूम द्यायचे, ही चित्रपटातली कल्पना आहे. 'सन'चेच एक माजी संपादक डेव्हिड येलँड यांनी सांगितलं आहे, की सकाळी बातमी ऐकली की मरडॉक यांच्या संपादकांच्या मनात पहिला विचार येतो, रूपर्ट यांना याबद्दल काय वाटेल? हुकमापेक्षा हे बळकट. हुकूम दिला तर तो कधी तरी बाहेर फुटतो. मर्जी ओळखून चालणाऱ्याला पकडणार कसं? वृत्तपत्रांच्या वागणुकीबद्दल नेमलेल्या लेव्हसन चौकशीत मरडॉक यांनी 2012 मध्ये शपथेवर सांगितलं, की मी कुठल्याही पंतप्रधानाकडे कधी काही मागितलं नाही. मला ते शब्दशः खरंही वाटतं. मागावं लागतं त्याला मालक म्हणत नाहीत.

अमेरिकेत हा राग वेगळ्या वाटेनं गेला. जेफ बेझोस यांनी 2013 मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट' 25 कोटी डॉलरला घेतला. ऑक्टोबर 2024 मध्ये, निवडणुकीला दोन आठवडेही उरले नसताना, पत्र यापुढे अध्यक्षपदाच्या कुठल्याच उमेदवाराला पाठिंबा देणार नाही असं जाहीर झालं. काही दिवसांत दोन लाखांवर वर्गणीदार गेले. राग खरा होता, पण लागला कुणाला? बेझोस यांच्या संपत्तीत ते पत्र म्हणजे चिल्लर. वर्गणी गेल्याचा हिशेब बातमीदारांच्या खोलीत होतो. म्हणून तर तिथलेच पत्रकार वाचकांना 'सोडून जाऊ नका' म्हणत होते. मरडॉक यांना 'सन' कमवून देत होता, त्यामुळे न घेतलेला अंक त्यांना बोचत तरी होता. तोटा सोसायला तयार असलेल्या मालकावर ग्राहकाचा बहिष्कार चालत नाही.

आणि याच 'पोस्ट'ची दुसरी गोष्ट सांगितली नाही तर मी अप्रामाणिक ठरेन. जून 1971 मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले त्याच आठवड्यात मालकीणबाई कॅथरिन ग्रॅहॅम यांनी व्हिएतनाम युद्धाची गोपनीय कागदपत्रं छापायला होकार दिला. त्याही घरंदाज श्रीमंत, मंत्री-राजदूतांच्या मैत्रीण. त्यांचा पैसा आणि त्यांचं घराणं त्या दिवशी बातमीदारांच्या पाठीशी उभं राहिलं. म्हणजे श्रीमंत मालक नकोच, असं म्हणून भागत नाही. चांगला मालक लाभला तर आनंद आहे, पण त्यात वाचकाचा काहीच हात नसतो.

मालकीच विश्वस्तांकडे देण्याचा मार्ग 'मँचेस्टर गार्डियन'नं 1936 मध्ये काढला. जॉन स्कॉट यांनी आपली मालकी स्कॉट ट्रस्टकडे सोपवली. त्यामागे ध्येयवाद होताच, आणि वारसाकर पत्राला बुडवेल ही भीतीही होती. हा मार्ग फार थोड्यांनी घेतला.

ब्रिटनच्या संसदेनं मालकाला प्रश्न विचारला तो 2024 मध्ये. 'टेलिग्राफ' अबू धाबीच्या पैशातून विकला जाणार असं दिसताच परकीय सरकारांना वृत्तपत्रांची मालकी घेण्यापासून रोखणारा कायदा झाला. पुढच्या वर्षी तो सैल करून पंधरा टक्क्यांपर्यंत वाटा चालेल असं ठरलं. पैसा परक्या सरकारचा असला तर किती टक्के चालेल याचा आकडा आता ठरलेला आहे. स्वदेशी अब्जाधीशासाठी असा आकडा ठरलेला नाही. तो असावा का, आणि ठरवायचा कुणी, यावर तुमचे प्रश्न घेतो.