मँचेस्टरचा खरा माणूस

नमस्कार श्रोतेहो.

अमेरिकन विनोदी मालिकेत इंग्रज पात्र आलं, की त्याने तोंड उघडताच त्याची जागा ठरते. एक तर तो बटलर, नाहीतर उमराव, नाहीतर लंडनच्या गल्लीतला रांगडा गडी. बर्मिंगहॅमचा एखादा साधा कारकून तिथे सहसा फिरकत नाही. इंग्लंडात माणसाच्या हेलावरून त्याचं गाव कळतं आणि घरची पायरीही कळते. अमेरिकन मालिकेत गाव गळतं, पायरी तेवढी उरते. पुन्हा सांगतो, गाव गळतं, पायरी उरते.

हल्ली मंडळी पडद्याखाली अक्षरं लावून मालिका बघतात. मला नाही पटत ते. डोळे वाचत बसले की कान झोपतात. असो, मी रेडिओवालाच, असंच म्हणणार.

तर माझी लाडकी गोष्ट. 'फ्रेझर' ही मालिका १९९३ ते २००४ चालली, कथा सिॲटलची. फ्रेझर आणि नाइल्स हे दोघे भाऊ मानसोपचारतज्ज्ञ. ऑपेरा, शेरी, नाकातून बोलणं. वडील मार्टिन मात्र निवृत्त पोलीस. बिअर, बेसबॉल आणि चिकटपट्ट्या लावलेली जुनी खुर्ची. त्यांची देखभाल करायला येते डॅफ्नी, उत्तर इंग्लंडातल्या मँचेस्टरची. ती भूमिका केली जेन लीव्ह्स यांनी, आणि त्या जन्मल्या लंडनजवळच्या इलफर्डमध्ये! डॅफ्नीचा तो मँचेस्टरी म्हणवणारा हेल ऐकून इंग्लंडातल्या प्रेक्षकांनी कपाळाला हात लावला. पुढे तिचा भाऊ सायमन आला. तो नट ऑस्ट्रेलियातला, ॲडलेडचा, आणि बोलणं मात्र लंडनच्या गल्लीतलं. एकाच मँचेस्टरी आईची लेकरं, हेल ज्याचा त्याचा! अमेरिकेला त्याचं काही नाही. इंग्रज आहेत ना, साध्या घरचे आहेत ना, झालं.

आणि या सगळ्यात खराखुरा मँचेस्टरचा माणूस कोण, सांगा बरं? म्हातारे मार्टिन! अस्सल अमेरिकन पोलीस म्हणून ज्यांना सगळे ओळखत, ते जॉन महोनी. १९४० साली, युद्धाच्या धामधुमीत त्यांचा जन्म ब्लॅकपूलला झाला, पण वाढले मँचेस्टरात. बहीण लग्न करून इलिनॉयला गेली होती, तिच्या आधाराने हेही तरुणपणी अमेरिकेत गेले, तिथल्या सैन्यात भरती झाले आणि आपला हेल त्यांनी ठरवून पुसून टाकला. इतका, की त्याच खोलीत डॅफ्नी अकरा वर्षं मँचेस्टरच्या आठवणी काढत राहिली आणि हे आपले तिला अमेरिकन थाटात टोमणे मारत राहिले.

वेळ संपत आली, म्हणून दुसरं उदाहरण घाईत सांगतो. 'द नॅनी' मालिकेतला बटलर नाइल्स, ज्याचं इंग्रजी ऐकून लोक भारावत, तो नट डॅनियल डेव्हिस अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातला. त्याच्या मालकाची भूमिका करणारे चार्ल्स शॉनेसी मात्र लंडनचे, ईटन या बड्या घरच्या मुलांच्या शाळेत शिकलेले. मालिका १९९९ मध्ये संपली. २००७ मध्ये चुलत घराण्याकडून वारसा आला आणि ते खरोखरच लॉर्ड झाले.

नमस्कार.