ऊन चढण्याआधी

(उपवासकाळातील सायंउपासनेनंतर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो,

गेल्या रविवारी उपासना संपल्यावर मंडळीतील एका तरुणाने मला गाठून विचारले, की तारण जर सर्वस्वी कृपेने मिळते आणि त्यात आपल्या कर्तृत्वाचा कवडीइतकाही वाटा नाही, तर पहाटे उठून प्रार्थना करायची, रोज वचन वाचायचे, जिभेला आवर घालायचा, हा सारा खटाटोप कशासाठी? प्रश्न त्याने मनापासून विचारला होता. त्याची दोन वाक्यांत बोळवण करणे मला बरे वाटले नाही. आज त्याच प्रश्नाला धरून बोलतो, आणि त्यासाठी आपल्याला पवित्र शास्त्रातील निर्गम या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात, सीनच्या रानात जावे लागेल.

मिसर देश सोडल्यानंतर दुसऱ्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी इस्राएल लोक त्या रानात पोचले. पोटात भूक होती आणि तोंडात कुरकुर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी छावणीभोवती दंव पडले, आणि ते उडून गेल्यावर जमिनीवर बारीक, पांढरे, धण्यासारखे काहीतरी पसरलेले दिसले. लोक एकमेकांना विचारू लागले, ‘हे काय आहे?’ मान्ना हे नाव त्या प्रश्नावरूनच पडले. हा मान्ना कोणी पेरला नव्हता, त्यासाठी कोणी नांगर धरला नव्हता. तो निखळ देणगी होता. परंतु तो कोणाच्या ताटात येऊन पडला नाही, हेही तितकेच लक्षात घ्या. तो तंबूबाहेर, जमिनीवर पडे. रोज सकाळी उठून, वाकून, माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटर, अशा मापाने तो गोळा करावा लागे. आणि ऊन चढले की जमिनीवर उरलेला वितळून जाई. गणना या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात पुढची हकिकत आहे. लोक मान्ना जात्यात दळत किंवा उखळात कुटत, मडक्यात शिजवत आणि त्याच्या पोळ्या करीत. आकाशातून आलेल्या अन्नालाही जाते आणि चूल चुकली नाही. त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे दिसते. गोळा करणाऱ्याने मान्ना निर्माण केला नाही, आणि तरीही जो उठला नाही तो उपाशी राहिला.

जात्याचा उल्लेख वाचला की मला माझी आजी आठवते. तिच्या घरी ओसरीच्या कोपऱ्यात जाते होते. पहाटे चारच्या सुमारास ती खुंट्याला हात घाली, आणि ओवीच्या चालीवर तेविसावे स्तोत्र तिच्या तोंडून सुरू होई. मी लहानपणी एकदा हौसेने तिच्यासमोर बसलो आणि दळण लवकर उरकावे म्हणून ओंजळभर ज्वारी एकदम जात्याच्या तोंडात ओतली. खाली भरड पडली. तिने ती भरड हातावर घेऊन मला दाखवली, बाजूला काढली आणि म्हणाली, ‘बाळा, वैरण मुठीमुठीनं घालायची असती.’ तिला अक्षरओळख चाळिशीनंतर झाली होती. दळण संपले की ती कंदिलाजवळ बसे आणि शास्त्रातील पाच-सहा ओळी बोट फिरवत वाची. एखादा जोडाक्षरी शब्द अडला तर तो सुटेपर्यंत बोट तिथेच थांबे. दिवसभर शेंगा फोडताना त्याच ओळी तिच्या ओठांवर असत. मनन हा शब्द मी पुढे पुस्तकांत वाचला, त्याचा अर्थ मात्र मला त्या घरात कळला होता.

कळले होते, तरी वळले नव्हते. नोकरीला लागल्यावर एका वर्षी मी वर्षभरात संपूर्ण पवित्र शास्त्र वाचण्याचा तक्ता आणला. जानेवारी नीट गेला. फेब्रुवारीत लेवीय हे नियमांचे पुस्तक लागले, कामाचा ताण वाढला आणि रोजचे वाचन मागे पडू लागले. शेवटी एका रविवारी दुपारी मी बसून एकोणीस अध्याय वाचले आणि तक्त्यावरच्या साऱ्या रिकाम्या चौकटींवर खुणा केल्या. संध्याकाळी त्यातील एकही वाक्य मला आठवत नव्हते. सकाळपर्यंत ठेवलेल्या मान्नात किडे पडले आणि त्याला घाण सुटली, असे जे लिहिले आहे, ते मला त्या संध्याकाळी उमगले. कालचे आज भरून काढता येत नाही आणि उद्याचे आज साठवता येत नाही. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ असे प्रभूने शिकवले. महिन्याची रास मागायला शिकवले नाही.

प्रभूचा शिष्य पेत्र याच्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात हाच धागा आहे. देवाने आपल्या सामर्थ्याने जीवनासाठी आणि सुभक्तीसाठी आवश्यक ते सर्व दिले आहे, असे तो तिसऱ्या वचनात सांगतो. आणि म्हणूनच होईल तितका प्रयत्न करून विश्वासात सात्त्विकतेची, सात्त्विकतेत ज्ञानाची, आणि पुढे इंद्रियदमन, धीर, सुभक्ती, बंधुप्रेम व प्रीती यांची भर घाला, असे पाचव्यापासून सातव्यापर्यंत सांगतो. ‘दिले आहे’ आधी, ‘प्रयत्न करा’ नंतर; हा क्रम उलटला की धर्म ओझे होतो. इथे प्रयत्न या अर्थी मूळ ग्रीकमध्ये ‘स्पूदे’ हा शब्द आहे, त्यात तळमळ आणि त्वरा दोन्ही येतात. ‘भर घाला’ यामागचे क्रियापद तर अथेन्सच्या नाट्योत्सवांतून आले आहे. तिथे नाटकातील गायकवृंदाचा खर्च एखादा सधन नागरिक उचलत असे, आणि तो हात आखडून चालत नसे. पेत्र आपल्याकडे तसला सढळ हात मागतो.

असा हात महाराष्ट्राने प्रत्यक्ष पाहिला आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्यांनी आपल्या आत्मकथनात त्या काळाविषयी प्रांजळपणे लिहिले आहे. ख्रिस्त सापडल्यावर त्या थांबल्या असत्या तरी कोणी नाव ठेवले नसते. केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली आणि विधवा होत्या. त्यांचे जेवणखाण, शिक्षण, आजारपण, सारे रमाबाईंच्या शिरावर होते. त्या व्यापात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि संपूर्ण पवित्र शास्त्र मुळावरून मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. ते आयुष्याच्या अखेरपर्यंत, सुमारे अठरा वर्षे चालले. ज्यांना कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले, त्यांनी आपले संस्कृत बाजूला ठेवून खेड्यातल्या बाईला कळेल असा साधा शब्द शोधावा, याला मी विद्वत्तेपेक्षाही मोठे इंद्रियदमन समजतो. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. 5 एप्रिल 1922 रोजी त्या स्वतः गेल्या, तेव्हा भाषांतर पूर्ण झालेले होते. मुक्तीच्याच छापखान्यातून ते 1924 मध्ये बाहेर पडले. अठरा वर्षे म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर एक भव्य कार्य उभे राहते, परंतु त्यांच्या वाट्याला ती वर्षे एकेका वचनाने आली असणार. एखाद्या हिब्रू शब्दाशी झगडून संपलेल्या दिवशी त्यांच्या हाती दाखवण्यासारखे फार काही नसेल.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, कारण कष्टाळू माणसे तिच्याकडे काणाडोळा करतात. सहाव्या दिवशी दुप्पट मान्ना मिळे, आणि सातव्या दिवसासाठी ठेवलेल्या त्या मान्नात किडे पडत नसत. तरीही काही लोक सातव्या दिवशी भांडी घेऊन बाहेर गेलेच. त्यांना काही सापडले नाही. देवाने थांबायला सांगितले असता धावणे हादेखील अविश्वास आहे, आणि मंडळीच्या सेवेत रात्रंदिवस राबणाऱ्या माझ्या बंधूंनी व विशेषतः भगिनींनी हे मनावर घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

चाळीस वर्षे हा क्रम चालला. मग यहोशवाच्या पाचव्या अध्यायात लोक यार्देन ओलांडून गिलगाल येथे उतरले, त्यांनी मिसरमधून झालेल्या सुटकेची आठवण म्हणून वल्हांडण सण पाळला, देशाच्या उत्पन्नातून बेखमीर भाकरी आणि हुरडा खाल्ला, आणि त्यानंतरच्या दिवसापासून मान्ना बंद झाला. त्या पहाटे रानातच जन्मलेली एखादी बाई सवयीने भांडे घेऊन तंबूबाहेर आली असेल. जमीन कोरडी होती. ते दिवस कापणीचे होते. यार्देन नदी त्या हंगामात दुथडी भरून वाहते, असे आधीच्या तिसऱ्या अध्यायात म्हटले आहे. समोर यरीहोच्या बाजूला पीक उभे होते, आणि ऊन अजून चढायचे होते.