पाडण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

पुनर्विकासाच्या माहितीपत्रकात हल्ली हिरवाईचं पान असतंच. गच्चीवर सौरपॅनेल, तळाशी पावसाचं पाणी साठवायची टाकी, जिन्यात एलईडी दिवे, फाटकाशी झाडांची रांग. यातली एकही गोष्ट वाईट नाही. पण एक हिशेब त्या पत्रकात कधी सापडत नाही. आज उभी असलेली इमारत पाडून तिथे दुसरी उभी करण्यासाठी किती इंधन जळणार, किती वाळू उपसली जाणार आणि जुन्या इमारतीचा राडारोडा कुठे जाऊन पडणार? आज मी बोलणार आहे ते या हिशेबाबद्दल.

सिमेंटचंच बघा. ते बनवताना चुनखडी भट्टीत सुमारे 1450 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते. इंधनाचा धूर होतो तो वेगळाच, पण त्याहून मोठा वाटा खुद्द चुनखडीचा. तापली की तिच्यात बांधला गेलेला कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणजे उद्या सगळ्या भट्ट्या सौरऊर्जेवर चालवल्या, तरी सिमेंटच्या उत्सर्जनातला निम्म्याहून जास्त भाग होता तिथेच राहील. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा 7 ते 8 टक्के आहे. पोलाद, काच, ॲल्युमिनियम यांचा यात समावेश नाही. वाळू आणि खडी तर जग दरवर्षी सुमारे 50 अब्ज टन वापरतं. वाळवंटं भरलेली असताना वाळूची टंचाई कशी, असं कुणाला वाटेल. पण वाऱ्याने घासून घासून तिथले कण गोल, गुळगुळीत झालेले असतात, ते काँक्रीटच्या कामाचे नाहीत. मग उपसा होतो नदीच्या पात्रातून आणि समुद्रकिनाऱ्यावरून.

उभ्या इमारतीत हा सगळा खर्च कधीच होऊन गेलेला असतो. ती पाडली की तो मातीत गेला आणि नवी बांधताना पुन्हा पहिल्यापासून करावा लागला. नवी इमारत वीज कमी खाते, हे मान्य. पण त्या बचतीतून बांधकामातल्या उत्सर्जनाचं कर्ज फिटायला बऱ्याचदा काही दशकं लागतात. उत्सर्जन आज एकरकमी होतं, बचत मात्र हप्त्याहप्त्याने येते. आणि हवामानाच्या बाबतीत आपल्या हातात वेळ आहे तो याच काही दशकांचा.

मग लोकांनी काय गळक्या, कोंदट घरांत आयुष्य काढायचं? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं एक चांगलं उत्तर फ्रान्समधल्या बोर्दो शहरात मिळतं. तिथे ग्रां पार्क नावाची वसाहत आहे. 1960च्या दशकात उभ्या राहिलेल्या तीन लांबलचक इमारती, 530 घरं, राहणारे भाडेकरू. अशा वसाहती सरसकट पाडून टाकण्याची फ्रान्समध्ये लाटच आली होती. आन लाकातों आणि जाँ-फिलिप व्हासाल या वास्तुरचनाकारांनी सहकाऱ्यांबरोबर बसून वेगळा विचार केला. सांगाडा भक्कम आहे. त्रास आहे तो लहान खिडक्यांचा, अंधाराचा, थंडीचा. मग सांगाड्याला हात कशाला लावायचा?

त्यांनी इमारतींना बाहेरून, अगदी जमिनीपासून, कारखान्यात तयार केलेल्या भागांची जोड दिली. प्रत्येक घरापुढे जवळपास 3.8 मीटर खोल जागा वाढली. त्यात सरकत्या पारदर्शक भिंतींची एक मधली खोली आणि तिच्यापुढे सज्जा. जुन्या खिडक्या काढून तिथे मोठी सरकती दारं बसवली. हिवाळ्यात ही मधली खोली उन्हाने तापते आणि मागचं घर उबदार ठेवते. उन्हाळ्यात पडदे ओढायचे, भिंती बाजूला सरकवायच्या आणि वारा आत घ्यायचा. न्हाणीघरं आणि वायरिंगही नवी झाली. हे सगळं चालू असताना भाडेकरू आपापल्या घरातच राहत होते, आणि काम संपल्यावर त्यांचं भाडं वाढलं नाही! मला विचाराल तर त्या पारदर्शक भिंतींपेक्षा या दोन गोष्टी जास्त मोलाच्या आहेत. 2019 मध्ये या कामाला युरोपीय संघाचा वास्तुकलेचा पुरस्कार मिळाला, आणि 2021 मध्ये लाकातों आणि व्हासाल यांना प्रिट्झकर हे वास्तुकलेतलं सर्वोच्च मानलं जाणारं पारितोषिक.

त्याच शहरातला त्यांचा आणखी एक किस्सा आहे. 1996 मध्ये त्यांना एक छोटा चौक सुशोभित करायला सांगितलं होतं. ते तिथे जाऊन बसले, लोकांशी बोलले, आणि कळवलं की चौक आहे तसाच छान आहे. झाडांची निगा राखा, झाडलोट वेळच्या वेळी करा, जमिनीवरची खडी बदला. बाकी काही नको. कामाचा मोबदला घेणाऱ्या माणसाने असा सल्ला दिल्याची उदाहरणं कोणत्याही धंद्यात फार नसतील.

काही इमारती मात्र पाडाव्याच लागतात, हेही सांगायला हवं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं काँक्रीटमध्ये झिरपत जातो, सळईला गंजापासून वाचवणारी त्याची अल्कधर्मिता कमी होते, आणि सळई गंजू लागते. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो आतून रेटा देतो आणि स्लॅबचे पापुद्रे सुटायला लागतात. वेळीच लक्षात आलं तर हे दुरुस्त होतं. सळईच खाल्ली गेली असेल, तर कार्बन वाचवण्यासाठी माणसांचा जीव धोक्यात घाला असं कोणी म्हणणार नाही. पण पाडतानाही पद्धत असते. दारं, चौकटी, तुळया, फरशा आधी सुट्या करून काढता येतात. चुन्यात बांधलेल्या विटा अखंड निघतात आणि पुन्हा वापरता येतात. सिमेंटमधल्या बहुतेक फुटतात. उरलेलं काँक्रीट दळून रस्त्याच्या भरावात घालता येतं. यासाठी काही आठवडे जादा लागतात. कंत्राटात ते आधीच लिहून घेतले नाहीत, तर पहिल्या दिवशी जेसीबी येतो आणि सगळ्याचा एकच ढीग होतो.

आता माणसांकडे येऊ. नव्या इमारतीचा देखभालखर्च झेपत नाही म्हणून जुने रहिवासी शहराच्या कडेला गेले, तर ते रोज लांबचा प्रवास करणार, आणि तेवढं इंधन जळणारच. सौरपॅनेलच्या हिशेबात ते कोणी धरत नाही.

गाड्यांचंही तेच. पुनर्विकासात तळघरात किंवा खालच्या मजल्यांवर पार्किंग येतं आणि खोदकाम, काँक्रीट, पंप असं सगळं त्याच्यामागे लागतं. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहराने जुन्या लष्करी छावणीच्या जागेवर फोबान हा भाग वसवताना साधा नियम केला. गाडी ठेवायची तर वसाहतीच्या कडेच्या पार्किंग इमारतीत जागा विकत घ्या. गाडी नसेल तर तसं लिहून द्या आणि तो खर्च टाळा. घरापुढे गाडी उभी करायची सोय नाही, ट्राम मात्र चालत जाण्याच्या अंतरावर. गाडी नको असणाऱ्यांवर पार्किंगचा खर्च लादला नाही, एवढीच त्यातली युक्ती.

पाण्याबद्दल थोडंसंच. 2 जुलै 2011 रोजी कोपनहेगनमध्ये दोन-तीन तासांत इतका पाऊस कोसळला की तळघरं आणि रस्ते बुडाले. त्यानंतर त्या शहराने फक्त गटारं रुंद केली नाहीत. बागा आणि चौक मुद्दाम खोलगट केले, म्हणजे एरवी तिथे मुलं खेळतात आणि ढगफुटीत पाणी थांबतं. दक्षिण कोरियाच्या सोल शहराचं उदाहरण देताना मी जरा जपून बोलतो. तिथे चंगेचन ओढ्यावरचा उन्नत महामार्ग पाडून 2005 मध्ये ओढा पुन्हा उघडा केला. काठ गार झाला, लोक फिरायला येऊ लागले. पण ओढ्यातलं बरंचसं पाणी नदीतून पंपाने चढवून आणलेलं असतं, आणि आसपासच्या अनेक छोट्या व्यापाऱ्यांना तिथून उठावं लागलं.

तुमच्या इमारतीचा विषय सभेत निघाला, तर नव्या इमारतीची रंगीत चित्रं बघण्याआधी दोन अंदाजपत्रकं मागा. एक पाडून बांधण्याचं, दुसरं मजबुतीकरण करून, लिफ्ट आणि सज्जे जोडून हीच इमारत पुढची तीस वर्षं वापरण्याचं. दोन्हींत सिमेंट, पोलाद आणि राडारोडा टनांत लिहिलेला हवा, आणि कामाच्या काळात कोण कुठे राहणार तेही. इमारतीची तपासणी करणारा अभियंता मात्र असा निवडा, ज्याला नव्या बांधकामातून काहीही मिळणार नाही.

नमस्कार.