नाकाचं हाड वाढलंय?

(दृश्य: पहाटेचं महाबळेश्वर. स्वेटर, कानटोपी, चहाच्या टपरीवर शिंकणारा माणूस.)

सर्दी महिनाभर हटली नाही, की घरातलंच कुणीतरी निदान करून मोकळं होतं, "नाकाचं हाड वाढलंय." पण कुठलं हाड?

(दृश्य: नाकाचा उभा छेद.)

नाकपुडी म्हणजे सरळ नळी नव्हे. आत बाहेरच्या बाजूच्या भिंतीवरून तीन वळ्या लोंबत असतात, एकीखाली एक. गाभ्यात पातळ, मुडपलेलं हाड आणि त्यावर ओलसर गुलाबी अस्तर. डॉक्टर यांना टर्बिनेट म्हणतात. वरच्या दोन वळ्या एथमॉइड या, दोन डोळ्यांच्या मधल्या हाडाचाच भाग. सगळ्यांत खालची मात्र स्वतंत्र हाड आहे, आकारानंही थोरली.

दिवसाला सुमारे १०,००० लिटर हवा या वळ्यांना घासत आत जाते. अरुंद फटींतून जाताना धूळ चिकट अस्तरात अडकते, हवा तापते, ओलावते. ८-१० अंशांची ही पहाटेची हवा घशाशी पोचते तेव्हा ३० अंशांच्या आसपास गेलेली असते. इतक्याशा वाटेत! श्वास सोडताना उलटा व्यवहार होतो, गार झालेल्या वळ्या बाहेर जाणाऱ्या वाफेतलं थोडं पाणी परत घेतात. वाळवंटातल्या उंटानं तर ही काटकसर कमालीला नेली आहे.

(दृश्य: नाकाखाली धरलेला छोटा आरसा. वाफेचे दोन डाग, एक मोठा, एक लहान.)

आरसा धरून बघा. बहुधा एकच नाकपुडी जोरात चालू असेल. अस्तरात रक्तवाहिन्यांचं जाळं आहे. एका बाजूला ते रक्तानं फुगतं, दुसरीकडे ओसरतं आणि काही तासांनी पाळी बदलते. १८९५मध्ये रिचर्ड कायझर या जर्मन डॉक्टरानं हे नोंदवलं. आपल्याकडे श्वासावरून शकुन सांगणारे स्वरशास्त्रवाले डावी नाकपुडी चालू असली तर चंद्रस्वर, उजवी असली तर सूर्यस्वर म्हणून ते कितीतरी आधीपासून सांगत आलेत. स्वर बघून घराबाहेर पडायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

तर "हाड वाढलंय" म्हणजे बहुतेक वेळा दोहोंपैकी एक. मधला पडदा वाकडा असतो, नाहीतर ॲलर्जीनं खालच्या वळीचं अस्तर सुजलेलं असतं. नाक उघडणारे थेंब ही सूज झटकन उतरवतात, पण आठवडेच्या आठवडे घातले तर थेंबांमुळेच नाक चोंदायला लागतं.

मग वळी कापूनच टाकली तर? गरजेपुरती लहान करतात, तेवढं ठीक. जास्त काढली, तर काही रुग्णांचं विचित्र होतं. वाट मोकळी दिसते आणि माणूस सांगतो, श्वासच येत नाही. कारण हवा आत आल्याचं आपल्याला कळतं ते अस्तराला लागणाऱ्या गारव्यावरून. बाम हुंगल्यावर नाक मोकळं वाटतं तेही त्यातल्या मेंथॉलनं भासवलेल्या गारव्यामुळे. आतली वाट तसूभरही रुंदावलेली नसते.