शाळेला कुलूप, रजिस्टर कुठं?

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या पावसाळ्यात सोलापूरच्या पूर्व भागातले एक आजोबा माझ्या घरी आले. नातीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळत होता आणि जात पडताळणीचं काम अडलं होतं. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, हे ज्यांच्या घरात बारावीचं मूल आहे त्यांना पाठच असतं. आजोबा 1958 साली पहिलीत बसलेले. सोलापूरला महापालिका झाली 1964 साली, म्हणजे त्यांची शाळा नगरपालिकेची. मला म्हणाले, "बाई, शाळेला कुलूप आहे. निर्गम उतारा मागू कुणाला?" निर्गम उतारा म्हणजे शाळेच्या जनरल रजिस्टरमधल्या आपल्या नोंदीची नक्कल.

मी मनपाच्या शाळांत 32 वर्षं शिकवलं, तरी मला लगेच उत्तर देता आलं नाही. आम्ही दोघं अकरा दिवस फिरलो. ती शाळा ज्या शाळेत समायोजित झाली होती, तिथल्या एका कपाटात, खिचडीच्या पातेल्यांमागं, जनरल रजिस्टर सापडलं. आजोबांनी स्वतःच्या नावाची ओळ बोटानं वाचली. पालकाच्या धंद्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'हातमाग'. ते तिथंच बाकावर बसून राहिले.

शाळा बंद झाली की इमारतीचं काय होतं, हे मी जवळून पाहिलंय. पट घसरतो, वर्ग शेजारच्या शाळेला जोडतात, शिक्षकांची समायोजनं होतात आणि जून उजाडतो तो कुलूप घेऊनच. पहिल्या उन्हाळ्यात नळ जातात, स्विचबोर्ड जातात. दुसऱ्या वर्षी खिडक्यांचे गज आणि छपराचे पत्रे. आत दारूच्या बाटल्या दिसू लागतात, म्हणून गल्लीतल्या बायका मुलांना त्या बाजूला फिरकू देत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या वर्षी भिंतीवर 'धोकादायक इमारत' असा फलक लागतो, आणि मग चर्चा फक्त जागेची उरते. शाळा पाडायची असं त्या काळात कुणीही ठरवलेलं नसतं. म्हणून माझं ठाम म्हणणं आहे की निर्णय पहिल्याच वर्षात व्हायला हवा, दारं-खिडक्या जागेवर आहेत तोवर.

पट का घसरला, याचा दोष सगळा शिक्षकांवर येतो. इंग्रजी माध्यमाची ओढ आहे, ते खरंच. पण आपल्या शहरात आणखी एक गोष्ट घडली. गिरण्या बंद पडल्या, माग अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडं गेले आणि विडी कामगार शहराबाहेर कुंभारीला राहायला गेले. गोदूताई परुळेकर वसाहतीत 10,000 घरं, आणि रे नगरमध्ये 19 जानेवारी 2024 ला 15,000 घरांच्या किल्ल्या मिळाल्या. पत्र्याच्या खोलीत आयुष्य काढलेल्या बाईला स्वतःचं घर मिळालं, याचा आनंद मोठा आहे. पण ती गेली तशी तिची लेकरंही गेली, आणि साखर पेठेपासून अशोक चौकापर्यंतच्या गल्ल्यांतली मुलं कमी झाली. आपल्याकडं मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार माध्यमांच्या शाळा. एका माध्यमाची दहा-बारा मुलं उरली की तो वर्ग सर्वांत आधी जातो.

मुलं उरली नाहीत, तरी गल्लीची गरज उरतेच. घरात माग, किंवा सुपात तंबाखू आणि पानं. अशा खोलीत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणार कसा? पोरं महिन्याचे पैसे भरून खासगी अभ्यासिकेत बसतात आणि शेजारी तीन वर्गखोल्या बंद असतात. अभ्यासिका, विड्या वळणाऱ्या बायकांच्या लेकरांसाठी पाळणाघर, दवाखाना, यातलं काहीही चालेल. भंगार ठेवायचं गोदाम मात्र नको. आणि इमारत मोडकळीला आली असं म्हणणाऱ्यांना मी विचारते, निवडणुकीला तिथंच मतदान केंद्र लागतं तेव्हा दोन दिवसांत चुना, दिवे आणि उताराचा रस्ता कसा होतो?

जपानमध्ये क्योतो शहरात 1869 साली नागरिकांनी पेठापेठांतून 64 प्राथमिक शाळा उभ्या केल्या. त्यांतली तात्सुइके नावाची शाळा मुलं कमी झाल्यानं 1995 मध्ये बंद पडली. 2006 मध्ये त्याच इमारतीत चित्रकथांचं संग्रहालय उघडलं. त्यात जुन्या शाळेच्या वस्तूंसाठी वेगळी खोली ठेवली आहे, आणि मैदानाच्या हिरवळीवर लोक पुस्तकं वाचत पडलेले असतात. आपणही घरपट्टीच्या बिलात शिक्षण कर भरतो. ती पावती हातात घेऊन विचारायला काय हरकत आहे?

आणि विचारायची एक कायदेशीर वेळ असते. शाळेची जागा विकास आराखड्यात शाळेसाठी राखीव असेल, तर तो वापर बदलण्यासाठी नगररचना कायद्याच्या, म्हणजे 1966 च्या अधिनियमाच्या, कलम 37 खाली फेरबदलाची सूचना निघते. हरकतींना महिनाभराची मुदत असते. सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येते. ती कापून ठेवा, शेजाऱ्यांना दाखवा आणि हरकत लेखी द्या, पोच घेऊन.

आजोबांच्या नातीला वैधता प्रमाणपत्र मिळालं. ती आता कॉलेजला जाते. तेव्हापासून मी एक वही घातली आहे. एका रकान्यात बंद शाळेचा क्रमांक, दुसऱ्यात माध्यम, तिसऱ्यात तिचं जनरल रजिस्टर आता कुठल्या शाळेत आहे ते. तिसरा रकाना बराचसा कोरा आहे. तुमच्या घरात शाळा सोडल्याचा जुना दाखला असेल, तर आज संध्याकाळी तो काढून बघा. त्यावर शाळेचा क्रमांक असतो आणि रजिस्टर नंबरही असतो. शाळा बंद झाली असेल, तर तिचं रजिस्टर कुणाच्या ताब्यात आहे हे महापालिकेच्या शिक्षण विभागाकडं लेखी विचारा. उत्तर आलं की ते आकाशवाणीच्या पत्त्यावर मला कळवा, मी वहीत लिहून घेईन.