जॅक कुठे लावायचा? जुन्या ओम्नीचे बॉल जॉइंट घरी बदलताना

मंडळी, पाने-हातोडे जरा बाजूला राहू द्या. आधी एवढंच सांगा, तुमच्या व्हॅनचं पुढचं वजन कोणत्या वाटेनं जमिनीवर उतरतं? हे ठाऊक नसलं की जॅक भलत्या जागी लागतो, झिजलेला बॉल जॉइंट, म्हणजे चाकाला धरणारा गोळी-वाटीचा सांधा, दाबाखाली घट्ट वाटतो आणि माणूस 'सगळं ठीक आहे' म्हणून चाक खाली घेतो.

आपण ओम्नी समोर ठेवू. १९८४ साली ती 'मारुती व्हॅन' म्हणून आली आणि २०१९ पर्यंत बनत राहिली. ७९६ सीसीचं इंजिन सीटखाली, ताकद मागच्या चाकांना. पुढच्या हबमधून (चाक ज्यावर बसतं तो भाग) अ‍ॅक्सल जात नाही, त्यामुळे हात घालायला जागा चांगली मिळते. पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब). म्हणजे बॉडीचं वजन स्प्रिंगमधून, स्ट्रटमधून थेट नकलवर (हब धरणारा, स्टीअरिंगबरोबर वळणारा भाग) येतं. खालचा आर्म (चाकाला बॉडीशी जोडणारा आडवा दांडा) आणि त्याच्या टोकाचा बॉल जॉइंट वजन उचलत नाहीत, ते फक्त चाकाला जागेवर धरून ठेवतात. म्हणून तपासताना गाडी बॉडीच्या जॅक पॉइंटवर उचलायची आणि चाक लोंबकळू द्यायचं. जॅक आर्मखाली लावलात तर स्प्रिंगचा सगळा दाब सांध्यातून जातो आणि प्ले (सैलपणा) लपतो. ज्या गाड्यांत वर-खाली दोन आर्म असतात आणि स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते, तिथे बरोबर उलटं! जॅक आर्मखालीच लावायचा. दुसऱ्याच्या गाडीवर पाहिलेली पद्धत आपल्या गाडीला लावू नका म्हणतात, ते याचसाठी.

आता चाक वर-खाली धरून हलवा. खटखट लागली तर सोबत्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर दोष बेअरिंगचा. तरीही हलत असेल तर बॉल जॉइंटकडे बघा, आर्म आणि नकलच्या मध्ये पहार घालून हलकेच उचका, सांध्यातली फट डोळ्यांना दिसते. डावी-उजवीकडे धरून हलत असेल तर आधी टायरॉड (स्टीअरिंगची चाक वळवणारी दांडी) तपासा.

कुणीतरी विचारलंय, 'सांध्यावरचं नुसतं रबर फाटलंय, प्ले नाही, मग?' मग तो सांधा फार तर एक पावसाळा टिकेल. चिखलपाणी ग्रीसमध्ये शिरलं की गोळी आणि तिची वाटी दोन्ही घासली जातात. आणि गोळी वाटीतून निसटली तर खांदा निखळावा तसं चाक तिरकं होऊन बसतं. ओम्नीत चालक पुढच्या चाकांवरच बसलेला असतो, पुढे बॉनेटचा आडोसासुद्धा नाही. यात काटकसर नको.

काढताना मागच्या चाकांना ओट (गाडी सरकू नये म्हणून अडसर) लावा आणि गाडी स्टँडवर घ्या. दगड-विटांवर नाही, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर तर मुळीच नाही. मग वाकून बघा, बॉल जॉइंटची खुंटी नकलमध्ये कशी धरली आहे. क्लॅम्पचा बोल्ट असेल तर तो पूर्ण बाहेर काढा. तो खुंटीच्या खाचेतून जातो, अर्धवट सैल करून कितीही ठोकलंत तरी काही निघत नाही. फट उघडायला छिन्नी चालेल, पण हलक्या हातानं, नाहीतर क्लॅम्पचा कान तडकतो. टेपर (निमुळती) खुंटी आणि कॅसल नट (पिनसाठी खाचा असलेला) असेल तर नट दोन-तीन आटे ठेवून सैल करा आणि नकलचा जो डोळा खुंटीला धरून आहे, त्याच्या बाजूवर हातोडा मारा. खुंटीच्या टोकावर नको, आटे बसतात. मागे दुसरा जड हातोडा टेकवला तर धक्का वाया जात नाही. पुलर (खुंटी दाबून सोडवायचं हत्यार) असेल तर उत्तमच. दुतोंडी काटा ठोकून घालतात, त्यानं रबर फाटतं, म्हणून तो फक्त फेकायच्या सांध्याला.

सांधा प्रेस करून बसवलेला असेल तर सर्क्लिप (सांधा अडकवून ठेवणारी रिंग) काढा आणि आर्म सरळ लेथवाल्याकडे न्या. घरी व्हाइसमध्ये दाबण्याचा हट्ट मला पटत नाही. दाब बाहेरच्या कडेवरच पडला पाहिजे, झाकणावर पडला तर नवा सांधा तिथेच बाद. पूर्ण आर्म मिळत असेल तर मी तोच घेईन, बुशही (आर्मच्या बॉडीकडच्या टोकाचे रबरी तुकडे) नवे येतात.

बसवताना टेपर पुसून कोरडा ठेवा, ग्रीस लावू नका. नटाबरोबर खुंटी फिरत असेल तर खालून जॅकनं थोडा दाब द्या. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला (कसण्याच्या ठरलेल्या जोराला) कसा. पिनचं भोक जुळलं नाही तर पुढे कसायचं, मागे सोडायचं नाही. स्प्लिट पिन नवीनच घाला. आर्म बदलला असेल तर बुशचे बोल्ट हातानं लावून ठेवा आणि गाडी चाकांवर उभी केल्यावरच कसा. चाक लोंबकळताना कसले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. गॅरेजमध्येसुद्धा हे सर्रास चुकतं, तिथं उभं राहून सांगावं लागतं.

अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या. टायर आतून खाल्लेला असेल तर तो आधी बदला, मगच मशीनवर चढवा.