आळं, सावली आणि शिवाजी पार्कची माती

(दृश्य: पहाट. शिवाजी पार्कचा कट्टा. मैदानाच्या एका कोपऱ्यात एक माणूस पाइपनं पाणी मारतो आहे.)

सकाळचे साडेपाच. दादरमधले रस्त्यावरचे दिवे अजून विझलेले नाहीत, पण शिवाजी पार्कला जाग आली आहे. मैदानाची एक फेरी जवळपास सव्वा किलोमीटरची. गुडघे धरलेले आजोबा ती दोनदा घालतात आणि मग कट्ट्यावर टेकतात. कट्टा म्हणजे मैदानाभोवतीची ही बसकी भिंत. तिच्यावर बसायला कुणाला पैसे पडत नाहीत आणि ‘इथून उठा’ असं कुणी म्हणत नाही.

पाइप धरलेल्या त्या माणसाकडे कुणाचं लक्ष नाही. आज आपण त्याच्याच मागून फिरणार आहोत. मुंबई महापालिकेचं उद्यान खातं म्हटलं की लोकांना कारंजी, घसरगुंड्या आणि फुलांचे वाफे आठवतात. मला आठवतो तो हा पाइप.

(दृश्य: मैदानाचा विस्तार, वरून. एकाच वेळी चालू असलेले सात-आठ सामने.)

पालिकेनं १९२५ मध्ये हे मैदान खुलं केलं, तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. दोन वर्षांनी, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्तानं, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून ते शिवाजी पार्क झालं. रमाकांत आचरेकर सरांची नेट्स इथलीच. सचिन तेंडुलकर इथेच घडला. पण या मैदानाची खरी नवलाई रविवारी सकाळी बघावी. एका सामन्याचा डीप मिडविकेट दुसऱ्या सामन्याच्या स्लिपमध्ये उभा असतो, आणि तरीही कुणाचा चेंडू कुणाचा हे प्रत्येकाला नेमकं कळतं.

इतकी पावलं पडल्यावर माती मोकळी होणारच. पाऊस संपला की ती सुकते, समुद्रावरून वारा सुटतो आणि लाल धूळ उठते. भोवतालच्या इमारतींमध्ये सकाळी पुसलेलं टेबल दुपारी पुन्हा पुसावं लागतं. दमा असलेल्यांचे हाल तर विचारायलाच नकोत. रहिवाशांनी वर्षानुवर्षं तक्रारी केल्या. पालिकेनं मैदानात पावसाचं पाणी जिरवण्यासाठी विहिरी खणल्या, तेच पाणी फवारून धूळ बसवायची असं ठरलं. प्रश्न अजून पुरता मिटलेला नाही. सगळीकडे गवत लावलं तर क्रिकेट जातं, माती ठेवली तर धूळ येते. दोन्ही बाजूंची माणसं इथलीच आहेत आणि दोघांचंही म्हणणं रास्त आहे. मधे उभा असतो तो पाइपवाला.

(दृश्य: ६ डिसेंबर. मंडपात विसावलेली कुटुंबं. पाण्याच्या नळांपुढे रांग.)

आणि मग सहा डिसेंबर येतो. बाबासाहेबांना वंदन करायला चैत्यभूमीवर लाखो माणसं येतात. विदर्भातून, मराठवाड्यातून, रात्रभर रेल्वेनं प्रवास करून. ती उतरतात शिवाजी पार्कवर. पालिका मंडप घालते, पिण्याच्या पाण्याची सोय करते, फिरती शौचालयं आणि दवाखाना उभा करते. कडेला पुस्तकांचे स्टॉल लागतात. घरून आणलेल्या भाकरीचं फडकं सोडून एखादी आजी त्याच मातीवर जेवायला बसते. एरवी जिथे पोरं स्टंप ठोकतात, तिथे त्या रात्री नातवंडं झोपलेली असतात. मैदान बांधून काढलं असतं, तर ही माणसं कुठे टेकली असती?

कारण या शहरात मोकळी जागा आहेच किती! माणशी दीड चौरस मीटरसुद्धा नाही. आपापल्या वाट्याच्या जागेत चटई अंथरायची म्हटलं, तर तीही मावणार नाही.

(दृश्य: मलबार हिल. हँगिंग गार्डनमधली प्राण्यांच्या आकारात कापलेली झुडपं. पलीकडे म्हातारीचा बूट.)

जुन्या लोकांनी तर पाण्याच्या टाकीच्या छपरावरसुद्धा बाग केली. १८८१ सालची ही हँगिंग गार्डन, म्हणजे फिरोजशहा मेहता उद्यान, दक्षिण मुंबईला पाणी पुरवणाऱ्या जलाशयावर वसलेली आहे. इथे घसरगुंडीवर खेळणाऱ्या पोराच्या पायाखाली कुणाच्या तरी घरचं पिण्याचं पाणी असतं. समोरच कमला नेहरू पार्कात म्हातारीचा बूट, म्हणजे बुटाच्या आकाराचं घर. त्यात चढून फोटो काढला नाही असा मुंबईकर विरळा.

(दृश्य: भायखळा. राणीच्या बागेचं फाटक. शाळेची सहल, हात धरून दोन-दोनच्या रांगेत.)

भायखळ्याची राणीची बाग मात्र सावकाश बघायची जागा. आताचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. १८६२ मध्ये ती उघडली. शेती आणि बागकामाचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेनं ती लावली होती, आणि १८७३ मध्ये ती पालिकेकडे आली. लहान मुलं पेंग्विनकडे धावतात, धावू देत. मोठ्यांनी एकदा तरी मान वर करून चालावं. ही गोरखचिंच, बुंधा एवढा की चार माणसांनी हात धरले तरी कवेत यायची नाही. हा कैलासपती, खोडालाच फुलं आणि तोफगोळ्यासारखी फळं. आणि उर्वशी. फुलली की तिचे लालसर घोस झुंबरासारखे लोंबतात. झाडाखाली उभं राहून पाहिलं की बोलणं आपोआप बंद होतं.

ही झाडं आज उभी आहेत, त्यात नागरिकांचाही वाटा आहे. २००७ च्या सुमारास इथे नव्या धर्तीचं प्राणिसंग्रहालय करायचा मोठा आराखडा आला. झाडांवर आणि जुन्या बागेच्या मांडणीवर घाला येईल, असं दिसताच काही बायका आणि झाडं ओळखणारी माणसं उठली. त्यांनी एकेका झाडाची नोंद केली, अर्ज केले, सुनावण्यांना हजर राहिली, वर्षानुवर्षं पिच्छा सोडला नाही. तो आराखडा होता तसा राबवला गेला नाही.

तिकीट एकेकाळी पाच रुपये होतं, २०१७ मध्ये पन्नास झालं. आई, वडील आणि दोन मुलं मिळून शंभर. मला ही वाढ तेव्हा बोचली आणि आजही बोचते. सुट्टीच्या दिवशी गोवंडीहून पोरांना घेऊन आलेल्या बापाला हे शंभर रुपये मोजूनच काढावे लागतात.

(दृश्य: एका सोसायटीसमोरचा पदपथ. झाडाच्या बुंध्याला चिकटलेलं काँक्रीट. एक मजूर छिन्नी-हातोड्यानं ते फोडतो आहे.)

फाटकाबाहेरही याच खात्याचं काम चालू असतं. २०१८ मध्ये पूर्ण झालेल्या गणनेत मुंबईत २९ लाख ७५ हजारांहून अधिक झाडं भरली. त्यातली निम्म्याहून अधिक खासगी आवारांत. आपल्या आवारातलं झाड असलं तरी १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे परवानगीशिवाय ते तोडता येत नाही. तोडण्याआधी झाडावर डकवलेली नोटीस आपण बघतो आणि पुढे जातो. थांबून वाचावी. हरकत घ्यायची मुभा तुम्हा-आम्हालाच दिलेली आहे.

पावसाळा तोंडावर आला की छाटणी सुरू होते. चांगला छाटणारा आधी झाडाभोवती फिरतो, तोल कुठे आहे ते बघतो आणि मग कुठल्या फांदीला हात घालायचा ते ठरवतो. घाईत एकाच अंगाच्या फांद्या उतरवल्या, तर पहिल्या वादळात झाड दुसऱ्या अंगाला झोपतं. गुलमोहराची मुळं तशीही उथळ. रस्त्याकडेचे कितीतरी पर्जन्यवृक्ष पिठ्या ढेकूण नावाच्या किडीनं वाळले. गल्लीची सावली गेली की त्या गल्लीत दुपारी चालून बघा, काय गेलं ते कळतं.

आता या मजुराकडे बघा. पदपथ करताना कुणीतरी थेट बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलं होतं. साल त्यावर चढून सुजल्यासारखी झाली आहे. तो छिन्नी मुळाला लागू नये म्हणून तिरकी धरतो आणि खपली काढावी तसा एकेक तुकडा सोडवतो. घमेलं भरलं की बाजूला. खाली माती दिसते, राखाडी, कोरडी, दगडासारखी. तिला खुरप्यानं भोकं पाडून तो लाल माती आणि शेणखत टाकतो, हातानं कडा वर घेतो. आळं तयार. पसरट वाटीएवढं खोल, मीटरभर रुंद. शेजारचा दुकानदार बादलीभर पाणी आणून ओततो. ते तसंच वर तरंगत राहतं.

(दृश्य: जून. तोच पदपथ, पहिला पाऊस. छत्र्या.)

तीन आठवड्यांनी पाऊस आला. रस्त्याच्या कडेनं पाणी वाहतंय, गटाराकडे. आळं भरलं आहे. खात्याचा एक माळी रेनकोट घालून फेरीवर निघालाय. तो थांबतो, वाकतो, आळ्यात बोट बुडवून बघतो. पुढच्या झाडापर्यंत जाऊन परत येतो. मघाशी काठोकाठ असलेलं पाणी बोटभर खाली गेलेलं असतं.

“मुरतंय,” तो म्हणतो, आणि पुढच्या झाडाकडे जातो.